भूमिकेचा वारसा आणि चेहऱ्याचा हक्क

दिवंगत अभिनेत्याला संगणकाच्या साहाय्याने पुन्हा पडद्यावर आणण्याची प्रथा गेल्या पंचवीस वर्षांत हॉलिवूडच्या चित्रपटमालिकांत, म्हणजे एकाच कथाविश्वावर दशकानुदशके बेतल्या जाणाऱ्या आणि एकाच कंपनीच्या मालकीच्या चित्रपटांच्या साखळीत, चांगलीच रुजली आहे. तरीही तिच्याविषयीची चर्चा बहुधा तंत्राच्या कौतुकात नाही तर तंत्राच्या धास्तीत अडकून पडते. प्रस्तुत व्याख्यानाचा रोख वेगळ्या प्रश्नावर आहे. एखादी भूमिका एका नटाकडून दुसऱ्याकडे जाणे ही नाट्यकलेइतकीच जुनी आणि निकोप गोष्ट आहे. परंतु नटाचा चेहरा, आवाज आणि लकबी यांचा वारसा कोणाकडे जातो, किंबहुना तो जाऊ शकतो काय, याचा निर्णय होण्यापूर्वीच निर्मात्यांनी तो आपल्याकडे आला असे धरून चालायला सुरुवात केली आहे. येथे मांडावयाचे प्रतिपादन असे की, भूमिका वारशाने जाते, अभिनय जात नाही, आणि म्हणून मृत नटाच्या चेहऱ्याने नवा अभिनय घडवण्याची संमती फक्त त्या नटाला, त्याच्या हयातीत, देता येते.

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण पीटर कुशिंग या इंग्लिश अभिनेत्याचे आहे. हॅमर या ब्रिटिश कंपनीच्या भयपटांत फ्रँकेन्स्टाइन आणि व्हॅन हेल्सिंग यांच्या भूमिका गाजवलेल्या कुशिंग यांनी 1977 मधील पहिल्या 'स्टार वॉर्स' चित्रपटात ग्रँड मॉफ टार्किन हा क्रूर, थंड डोक्याचा सेनाधिकारी रंगवला. 11 ऑगस्ट 1994 रोजी, वयाच्या 81 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुढे बावीस वर्षांनी, डिसेंबर 2016 मध्ये प्रदर्शित झालेल्या 'रोग वन' या चित्रपटाचे कथानक पहिल्या 'स्टार वॉर्स'च्या अगदी थोडे आधी घडत असल्यामुळे त्यात टार्किनची गरज भासली, आणि तो टार्किन कुशिंग यांचाच चेहरा घेऊन प्रेक्षकांसमोर आला, चालला, बोलला, सहकाऱ्यांशी वाद घालू लागला. जुन्या चित्रफितीतील एखादा तुकडा येथे उचललेला नव्हता. संवाद नवे होते, प्रसंग नवे होते, आणि कुशिंग यांनी त्यांतील एकही ओळ कधी वाचलेली नव्हती.

हे कसे साधले याचा तपशील समजून घेणे आवश्यक आहे, कारण प्रश्नाचे मर्म त्या तपशिलातच दडलेले आहे. चित्रीकरणाच्या वेळी टार्किनचा गणवेश घालून गाय हेन्री हे इंग्लिश अभिनेते प्रत्यक्ष उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर बारीक खुणा केल्या होत्या आणि डोक्याला बसवलेल्या छोट्या कॅमेऱ्याने त्या खुणांची हालचाल टिपली जात होती. या पद्धतीला परफॉर्मन्स कॅप्चर, म्हणजे अभिनयाचे आलेखन, असे म्हणतात. नटाच्या स्नायूंची हालचाल त्यातून आकड्यांच्या रूपात साठवली जाते आणि मग ती संगणकात उभ्या केलेल्या दुसऱ्या चेहऱ्यावर चढवता येते. कुशिंग यांच्या चेहऱ्याची घडण मिळवण्यासाठी इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या दृश्यपरिणाम-संस्थेच्या कलावंतांना 'टॉप सीक्रेट!' या 1984 मधील विनोदी चित्रपटासाठी घेतलेला त्यांच्या चेहऱ्याचा साचा उपयोगी पडला. म्हणजे एका वेगळ्या कामासाठी, वेगळ्या करारान्वये, नटाने काही वेळ निमूट बसून करून दिलेली वस्तू बत्तीस वर्षांनी अशा कामाला आली, ज्याची साचा घेणाऱ्यांनी किंवा देणाऱ्याने कल्पनाही केली नसेल.

यापुढची अडचण अधिक सूक्ष्म होती. हेन्री यांची हालचाल कुशिंग यांच्या चेहऱ्यावर जशीच्या तशी चढवली असता जे दिसले ते टार्किनच्या एखाद्या नातेवाइकासारखे होते, टार्किन नव्हे. ॲनिमेशनची जबाबदारी सांभाळणारे हॅल हिकेल यांनी याचे कारण तपशिलाने सांगितले आहे. 'आ' हा स्वर उच्चारताना कुशिंग वरचा ओठ हलवत नसत; जबडा अर्धवटच उघडत आणि खालच्या ओठाचा असा चौकोनी आकार करत की खालचे दात दिसावेत. हेन्री यांचा 'आ' अर्थातच त्यांचा स्वतःचा होता, आणि म्हणून स्वरामागून स्वर, ओठामागून ओठ, ॲनिमेशनकारांना तो हाताने बदलावा लागला. प्रकाशाचाही असाच पेच पडला: 1977 च्या चित्रपटातील पद्धतीने चेहरा उजळला की साम्य वाढे, परंतु नव्या चित्रपटाच्या प्रकाशयोजनेत तो चेहरा उपरा वाटे. तरीही अनेक प्रेक्षकांना पडद्यावरील टार्किन पाहून अस्वस्थ वाटले. जपानी यंत्रमानवशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी 1970 मध्ये या अस्वस्थतेचे वर्णन केले आहे. कृत्रिम आकृती माणसासारखी होत जाते तसतशी ती आपल्याला जवळची वाटू लागते, पण साम्य जवळजवळ पूर्ण झाले आणि थोडीशीच उणीव उरली की ती जवळीक एकदम कोसळते, आणि आलेखातील त्या खोल उताराला अनकॅनी व्हॅली, म्हणजे विचित्रतेची दरी, असे नाव मिळाले. ही दरी तंत्र सुधारेल तशी बुजत जाईल हे उघड आहे, आणि म्हणूनच 'अजून नीट जमत नाही' हा आक्षेप या प्रथेविरुद्ध टिकाऊ नाही. उद्या ते नीट जमेल. मूळ प्रश्न तेव्हाही तसाच राहील.

तो मूळ प्रश्न वरच्या ओठाच्या त्या तपशिलात आहे. ओठ न हलवण्याची लकब कुशिंग यांची होती, मात्र कोणत्या वाक्यावर थांबायचे, कोणाकडे न पाहता बोलायचे, क्रौर्य आवाज चढवून दाखवायचे की उतरवून, हे निर्णय 'रोग वन'मध्ये हेन्री यांनी, दिग्दर्शक गॅरेथ एडवर्ड्स यांनी आणि ॲनिमेशनकारांच्या तुकडीने घेतले. अभिनय म्हणजे अशा निर्णयांची मालिका होय. पहिल्या 'स्टार वॉर्स'च्या चित्रीकरणात टार्किनचे बूट कुशिंग यांना फार घट्ट झाले, तेव्हा दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांच्या संमतीने त्यांनी घरगुती सपाता घालून कित्येक दृश्ये केली आणि कॅमेरा त्यांच्या पायांपर्यंत जाऊ दिला नाही, ही हकिकत प्रसिद्ध आहे. पडद्यावर दिसणारी टार्किनची ताठ, निवांत, हुकमी देहबोली त्या सपातांतल्या पायांवर उभी होती. जिवंत शरीराच्या सोयी-गैरसोयींतून, दुखण्यांतून आणि तडजोडींतून भूमिका घडत असते; साच्यावरून उभारलेल्या चेहऱ्याला बूट लागत नाहीत. चेहरा कुशिंग यांचा आणि निर्णय इतरांचे अशी ही विभागणी आहे, आणि श्रेयनामावलीत टार्किनच्या नावापुढे गाय हेन्री यांचे नाव आहे ही त्याची प्रामाणिक कबुलीच म्हणायला हवी. मग हेन्री यांचाच चेहरा का दिसू नये?

हा प्रश्न काल्पनिक नाही, कारण त्याचे उत्तर याच चित्रपटमालिकेने अकरा वर्षे आधी दिलेले होते. 2005 मधील 'रिव्हेंज ऑफ द सिथ' या चित्रपटाच्या शेवटी टार्किन क्षणभर दिसतो आणि ती भूमिका वेन पिग्रॅम या अभिनेत्याने रंगभूषेच्या आधारे केली होती. त्याने कोणाचेही नुकसान झाले नाही. 'हॅरी पॉटर' मालिकेत डम्बलडोरची भूमिका करणारे रिचर्ड हॅरिस ऑक्टोबर 2002 मध्ये निवर्तले, तेव्हा मायकेल गॅम्बन यांनी ती भूमिका पुढे नेली. त्यांचा डम्बलडोर अधिक चपळ, अधिक तापट होता, काहींना तो रुचला नाही, परंतु तो एका जिवंत नटाने उभा केलेला डम्बलडोर होता आणि हॅरिस यांचा डम्बलडोर पहिल्या दोन चित्रपटांत अबाधित राहिला. मराठी रंगभूमीच्या जाणकारांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. 1911 मधील 'मानापमान'च्या मूळ प्रयोगांत नानासाहेब जोगळेकरांनी केलेला धैर्यधर 1921 च्या संयुक्त 'मानापमान'मध्ये केशवराव भोसले यांनी बालगंधर्वांच्या भामिनीसमोर उभा केला; 'नटसम्राट'मधील गणपतराव बेलवलकर श्रीराम लागू यांच्यानंतर दत्ता भट यांनी केले, सतीश दुभाषी यांनी केले, आणि 2016 च्या चित्रपटात नाना पाटेकर यांनी केले. लागूंचे बेलवलकर श्रेष्ठ की भटांचे, यावर घराघरांत वाद झाले. ते वाद हीच त्या भूमिकेची श्रीमंती होय, आणि एकाच नटाचा चेहरा त्या भूमिकेवर कायमचा चिकटवला असता तर नाटकाचा तो जिवंतपणा हरवला असता.

मृत नटाची प्रत्येक डिजिटल प्रतिमा एकाच मापाने तोलणे मात्र अन्यायाचे ठरेल. काम अर्धवट टाकून नट गेला आणि ते पूर्ण करण्यासाठी तंत्राची मदत घेतली, हा प्रकार वेगळा आहे. 'ग्लॅडिएटर'चे चित्रीकरण चालू असताना मे 1999 मध्ये माल्टा बेटावर ऑलिव्हर रीड यांचा मृत्यू झाला, तेव्हा उरलेले थोडे प्रसंग बदली नट आणि संगणकाने बसवलेला चेहरा यांच्या जोरावर पूर्ण करण्यात आले. 'फास्ट अँड फ्यूरिअस' मालिकेतील पॉल वॉकर यांचा 30 नोव्हेंबर 2013 रोजी अपघाती मृत्यू झाला त्या वेळी सातव्या चित्रपटाचे चित्रीकरण अर्ध्यावर होते. कॅलेब आणि कोडी या त्यांच्या भावांनी त्यांच्या जागी उभे राहून काम केले, वेटा डिजिटल या न्यूझीलंडच्या संस्थेने त्यावर वॉकर यांचा चेहरा चढवला, आणि चित्रपटाच्या अखेरीस त्यांच्या पात्राला मरण न देता निरोप देण्यात आला. वॉकर यांनी ही भूमिका स्वीकारली होती, पटकथा त्यांना ठाऊक होती, निम्मे निर्णय त्यांनी घेतलेले होते. येथे संमतीचा धागा तुटलेला नाही, तो फक्त अपुरा राहिला आहे, आणि कुटुंबाने तो पुरा करू दिला हे समजण्यासारखे आहे.

तरीही अशा प्रसंगांतसुद्धा दुसरा मार्ग उपलब्ध असतो. 'द हंगर गेम्स' मालिकेच्या अखेरच्या भागाचे काम संपत आले असताना, 2 फेब्रुवारी 2014 रोजी, फिलिप सीमोर हॉफमन यांचे निधन झाले. त्यांचा एक महत्त्वाचा प्रसंग राहिला होता. दिग्दर्शक फ्रान्सिस लॉरेन्स यांनी डिजिटल हॉफमन उभा करण्याचे टाळले आणि त्या पात्राचे म्हणणे पत्राच्या रूपाने दुसऱ्या पात्राच्या तोंडी घातले. हॉफमन यांच्यासारख्या थोर नटाच्या जागी कोणी दुसरा चेहऱ्याचे स्नायू हलवील, या कल्पनेपुढे त्यांनी कथेतील एक उणीव पत्करली. ऑगस्ट 2020 मध्ये चॅडविक बोसमन गेल्यानंतर 'ब्लॅक पँथर'च्या 2022 मधील दुसऱ्या भागाची सुरुवातच त्यांच्या पात्राच्या मृत्यूने आणि अंत्यविधीने झाली. चित्रपटमालिकेच्या अर्थकारणाला ओळखीचे चेहरे हवे असतात हे खरे. परंतु या दोन उदाहरणांत त्याच अर्थकारणाने नटाच्या अनुपस्थितीला जागा दिली, हेही तितकेच खरे.

याउलट 2024 मधील 'एलियन: रोम्युलस' हे उदाहरण अधिक चिंता वाटावी असे आहे. 1979 च्या 'एलियन'मध्ये इयन होल्म यांनी ॲश नावाचा मानवसदृश यंत्रमानव साकारला होता. त्यांचे जून 2020 मध्ये निधन झाले, आणि नव्या चित्रपटात त्याच बनावटीचा रूक नावाचा दुसरा यंत्रमानव त्यांच्या चेहऱ्याने दाखवण्यात आला. त्यासाठी यंत्रावर चालणारी बाहुली बनवली गेली, डॅनियल बेट्स यांनी आवाज आणि चेहऱ्याच्या हालचाली पुरवल्या, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, म्हणजे पुष्कळ जुन्या चित्रांवरून नवे चित्र घडवायला शिकलेल्या संगणक-प्रणालीच्या, मदतीने त्यावर संस्कार करण्यात आले. होल्म यांच्या कुटुंबाची परवानगी घेतली होती. रूक हे पात्र होल्म यांनी कधीच केले नव्हते. त्यांनी केलेल्या पात्राशी त्याचे साम्य केवळ साच्याचे होते. एकाच कारखान्यातून निघालेल्या यंत्रांचा चेहरा सारखा असणारच, असे समर्थन कथेच्या आधारे करता येते. पण याच मालिकेने 1986 मध्ये लान्स हेन्रिक्सन यांना आणि 2012 मध्ये मायकेल फासबेंडर यांना नव्या यंत्रमानवाची भूमिका देऊन दोन अविस्मरणीय पात्रे मिळवली होती. तिसरा नट शोधण्याऐवजी जुना चेहरा वापरल्याने एका हयात नटाची संधी गेली आणि मालिकेला नवे काही मिळाले नाही. घरी पाहण्यासाठी आलेल्या आवृत्तीत रूकची काही दृश्ये पुन्हा दुरुस्त करावी लागली, यावरून निर्मात्यांनाही परिणामाविषयी समाधान नव्हते असे दिसते.

वारसदारांच्या परवानगीचा मुद्दा येथे कायद्याकडे घेऊन जातो. अमेरिकेतील हा कायदा एका भयपटातून जन्मला. बेला लुगोसी यांनी 1931 मध्ये 'ड्रॅक्युला' साकारला आणि 1956 मध्ये ते वारले. त्यानंतर त्यांच्या चेहऱ्याचे परवाने विकणाऱ्या युनिव्हर्सल कंपनीवर पत्नी व पुत्राने दावा लावला. 1979 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, आपल्या प्रतिमेचा व्यापार करण्याचा हक्क हयातीत वापरला नसेल तर तो माणसाबरोबर संपतो. या निर्णयाने खळबळ माजली आणि 1985 पासून त्या राज्यात मृत्यूनंतरचा प्रसिद्धिहक्क, म्हणजे नाव, आवाज व चेहरा यांच्या व्यापारी वापरावरील हक्क, वारसांना मिळाला. त्याची मुदत आधी 50 आणि पुढे 70 वर्षे झाली. परंतु हा कायदा मुख्यतः वस्तू आणि जाहिराती यांना लागू होता. चहाच्या पेल्यावर मृत नटाचा चेहरा छापायला परवानगी लागे, त्याच चेहऱ्याने अख्खा चित्रपट करायला लागत नसे. न्यूयॉर्क राज्याने 2021 पासून मृत कलावंताच्या डिजिटल प्रतिकृतीला 40 वर्षांचे संरक्षण दिले, मात्र परवानगी नसल्याची ठळक सूचना दिली की निर्माता मोकळा होतो. 2023 मध्ये सॅग-आफ्ट्रा या नटांच्या संघटनेने 118 दिवसांचा संप केला, त्यातील एक प्रमुख मागणी डिजिटल प्रतिकृतीसाठी संमतीची होती आणि ती करारात आली. त्यानंतर सप्टेंबर 2024 मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा बदलून चित्रपटांतील मृत नटांच्या प्रतिकृतींनाही वारसांची संमती बंधनकारक केली आणि भंगासाठी किमान 10,000 डॉलरची भरपाई ठेवली. इंग्लंडमध्ये चेहऱ्याचा असा स्वतंत्र हक्कच नाही. म्हणूनच कुशिंग यांच्या प्रतिमेवरून टायबर्न या चित्रसंस्थेने केलेला दावा 1993 मधील एका करारावर आणि दुसऱ्याच्या हक्कावर अनुचित लाभ मिळवल्याच्या तत्त्वावर उभा करावा लागला.

या सर्व सुधारणांचे स्वागत करतानाही त्यांतील मूळ उणीव लपवता येत नाही. त्या संमतीचा अधिकार वारसांकडे सोपवतात, जणू चेहरा ही शेतजमिनीसारखी सातबाऱ्यावर चढवायची मालमत्ता आहे. वारसांना पैसा मिळावा हे योग्य आहे, बेअब्रू रोखण्याचा अधिकारही त्यांना असावा. पण वडिलांनी कोणती भूमिका स्वीकारली असती आणि कोणती नाकारली असती, हे मुलांना सांगता येत नाही. नटाचे अर्धे कर्तृत्व नकारात असते. रॉबिन विल्यम्स यांनी हे ओळखले होते: त्यांच्या मृत्युपत्राशी जोडलेल्या व्यवस्थेनुसार त्यांच्या प्रतिमेचा व्यापारी वापर मृत्यूनंतर 25 वर्षे, म्हणजे ऑगस्ट 2039 पर्यंत, करता येत नाही. 

भारतात परिस्थिती अगदी उलट टोकाची आहे. जयललितांच्या जीवनावरील चित्रपटाविषयी मद्रास उच्च न्यायालयाने 2021 मध्ये, आणि सुशांतसिंह राजपूत यांच्यावर बेतलेल्या चित्रपटाविषयी दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्ये, व्यक्तीचा खासगीपणाचा व प्रसिद्धीचा हक्क तिच्या मृत्यूबरोबर संपतो आणि वारसांना तो चालवता येत नाही, अशी भूमिका घेतली. त्या खटल्यांपुरता हा निकाल योग्यच होता, कारण दोन्ही ठिकाणी दुसरा नट ती व्यक्ती रंगवत होता आणि चरित्रपटाचे स्वातंत्र्य जपणे आवश्यक होते. परंतु हेच तत्त्व डिजिटल प्रतिकृतीला लावले तर मृत नटाचा प्रत्यक्ष चेहरा कोणालाही, कशासाठीही, फुकट वापरता येईल. भारतीय प्रतिलिपी अधिकार कायद्यात कलावंताच्या सादरीकरणाला 50 वर्षांचे संरक्षण आहे, मात्र ते घडून गेलेल्या सादरीकरणाचे आहे. कधीच न घडलेल्या अभिनयाची नक्कल त्याच्या कक्षेत बसत नाही. कायद्याच्या या पोकळीत सध्या व्यक्तीचा विवेक हाच आधार आहे. 2024 मधील 'लाल सलाम' या तमिळ चित्रपटासाठी ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने वापरले, तेव्हा त्यांनी कुटुंबांची परवानगी घेतली आणि मानधन दिल्याचे जाहीर केले. कायदा काहीही मागत नसताना त्यांनी ते केले, याचे मोल मोठे आहे. परंतु पुढचा संगीतकार तसाच वागेल याची हमी कोणाकडेही नाही.

म्हणून कायद्याची वाट न पाहता करता येण्याजोगी गोष्ट नटांच्या स्वतःच्या हाती आहे. मराठी चित्रपट, मालिका आणि रंगभूमीवर आज काम करणाऱ्या प्रत्येक कलावंताने नव्या करारावर सही करण्यापूर्वी त्यात चेहरा, आवाज आणि शरीराच्या आलेखनाविषयीचे कलम आहे की नाही हे पाहावे, साचा किंवा स्कॅन कोणत्या कामापुरता आणि किती काळासाठी दिला हे लिहून घ्यावे, आणि मृत्यूनंतर आपल्या प्रतिमेचे काय व्हावे, काय होऊ नये, याची नोंद मृत्युपत्रात करावी. कलावंतांच्या संघटनांनी अशा कलमाचा मसुदा मराठीत तयार करून तो आपल्या प्रत्येक सभासदाच्या हाती, विशेषतः नव्याने आलेल्या आणि अटी घालण्याची ताकद नसलेल्या नटांच्या हाती, या वर्षीच द्यावा.